पिवळ्या बंगल्याचा बारावा भाग

निवृत्त होताना माणसं काय काय मागतात. कुणाला घड्याळ हवं असतं, कुणाला भाषण हवं असतं, कुणाला नुसतं अर्धा तास लवकर घरी जायचं असतं. दप्तरदारांना कोरं पान हवं होतं. त्यांच्या सेवापुस्तकात शेवटी 'शेरा' नावाचा एक रकाना होता आणि तो चौतीस वर्षं रिकामा होता. पाणीपुरवठा कचेरीच्या तळघरातल्या अभिलेख कक्षात बसून दप्तरदारांनी आजवर एकही कागद हरवू दिला नाही, असं सगळी कचेरी म्हणायची. सगळी कचेरी म्हणायची, कारण दप्तरदार स्वतःच ते सगळ्या कचेरीला येता-जाता सांगत आले होते.

तर आता चार दिवस उरले होते आणि कामही एकच उरलं होतं, नव्या बाईंना कार्यभार द्यायचा. कार्यभार देणं म्हणजे काय, तर कपाटांची एक यादी, खाली देणाऱ्याची सही, घेणाऱ्याची सही, मध्ये दोन कप चहा. दप्तरदारांनी यादी आठवडाभर आधीच आपल्या वळणदार अक्षरात करून ठेवली होती आणि खाली दोन रेघाही मारल्या होत्या.

नव्या बाई हिशेब तपासणीकडून बदलून आल्या होत्या. त्यांनी यादी पाहिली, अक्षराचं कौतुक केलं आणि म्हणाल्या की प्रत्येक नस्ती, म्हणजे फाईल, उघडून पाहिल्याशिवाय आपण सही करत नसतो. दप्तरदारांनी हसून 'अवश्य' म्हटलं. चौथ्या कपाटापर्यंत या बाई कंटाळतील, असा त्यांचा अंदाज होता. बाई कंटाळल्या नाहीत. जेवणाच्या सुट्टीआधी त्या चौथ्या कपाटाशी पोचल्या, तिसऱ्या खणातून त्यांनी 'पिवळा बंगला – गळतीबाबत' अशी जाडजूड नस्ती काढली, फीत सोडली, आणि मग बराच वेळ त्यांचा आवाज आला नाही.

दप्तरदार हळूच डोकावले. बाई स्टुलावर बसून भाग चारमध्ये होत्या. डबा तसाच बंद होता.

आता हे प्रकरण काय ते सांगायला हवं. एकतीस वर्षांपूर्वी 'रातकिडा' नावाचं एक मासिक निघत असे. खरबरीत कागद, शाई हाताला लागणारी, आणि मुखपृष्ठावर कायम एक किंचाळणारी बाई. आत कथा कसलीही असो, बाई किंचाळायचीच. त्यात 'पिवळ्या बंगल्यातला पाहुणा' ही बारा भागांची रहस्यकथा सुरू झाली. बंगल्याचे शेठ जेवता जेवता मरून पडतात आणि लंगडा गुप्तहेर पाहुणा म्हणून येऊन राहतो, अशी सुरुवात होती. दप्तरदारांचं तेव्हा नवीन लग्न झालं होतं आणि असलं वाचल्याने डोकं सडतं, असं त्यांनी बायकोला पहिल्याच आठवड्यात ऐकवलं होतं. त्यामुळे घरी वाचायची सोय स्वतःच बंद करून घेतलेली. मग ते मासिक नस्तीच्या पुठ्ठ्यात घालून कचेरीत वाचत.

एके दिवशी वरचे अधिकारी न सांगता तपासणीला आले. टेबलावर पुठ्ठा, पुठ्ठ्यात मासिक, आणि पुठ्ठ्यावर क्रमांक नाही. बिनक्रमांकाचा कागद त्या खोलीत सापडणं ही दप्तरदारांच्या लेखी खुनापेक्षा मोठी गोष्ट होती. त्यांची पाचावर धारण बसली. हाताला लागला तो शिक्का त्यांनी मारला, आवक क्रमांक टाकला आणि विषयाच्या जागी सुचलं ते लिहिलं. अधिकारी समाधानाने निघून गेले. मग शिक्का पाहिला तर तो 'कायम जतन'चा होता.

दुसऱ्या कुणीही तो पुठ्ठा संध्याकाळी घरी नेऊन फाडला असता. दप्तरदारांच्याने ते होईना. एकदा क्रमांक पडला की कागद सरकारचा. त्याला हात लावणारे आपण कोण? आणि नस्तीत भाग एक असताना भाग दोन बाहेर ठेवणं हा तर अव्यवस्थितपणा झाला. म्हणून दर महिन्याला नवा अंक आला की त्याला रीतसर क्रमांक पडू लागला. अकरा भाग असे लागले. बारावा अंक आला तो शनिवारी कचेरी बंद होताना. दप्तरदारांनी त्याची नोंद केली, 'प्राप्त' लिहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं सरकारी कागद घरी नेला, कारण खुनी कोण हे कळायला सोमवार फार लांब होता.

रविवारी दुपारी त्यांनी डोकं दुखतंय असं सांगून खोलीचं दार लोटलं आणि अंक उशीखाली ठेवला. मग नेमकी डुलकी लागली. उठले तेव्हा उशी होती, अंक नव्हता. विचारणार कुणाला? जे घरात नाहीच असं आपणच सांगितलेलं, ते कुठे गेलं हे बायकोला कोणत्या तोंडाने विचारणार? त्यांनी गादीखाली पाहिलं, पलंगामागे पाहिलं, आठवडाभर खाली वाकून चालले. 'रातकिडा' पुढे बंद पडला. अनुक्रमणिकेत मात्र बारावा भाग 'प्राप्त' म्हणून बसला होता, त्यांच्याच वळणदार अक्षरात. एकतीस वर्षं त्यांच्या मनात दोन गोष्टी सलत होत्या. एक म्हणजे आपण कागद हरवला, आणि दुसरी म्हणजे खुनी कोण ते कळलं नाही. यातली कुठली जास्त सलायची हे ते स्वतःलाही सांगत नसत.

दुसऱ्या दिवशी सकाळी नव्या बाई लाल डोळ्यांनी आल्या. अकरा भाग झाले होते. त्यांनी दप्तरदारांना एवढंच विचारलं की भाग बारा कुठे आहे. दप्तरदार म्हणाले, बघतो. बाईंनी तासभर वाट पाहिली आणि रीतसर टिपणी लिहिली: सदर नस्तीतील मजकूर गळतीशी संबंधित नसून खुनाशी संबंधित असल्याचे दिसते, तथापि अनुक्रमणिकेतील भाग बारा आढळून येत नाही, उचित आदेशार्थ सादर. आणि नस्ती वर गेली.

सरकारी कचेरीत नस्ती वर जायला किती दिवस लागतात ते पाण्याचा नळ मागितलेल्या कुणालाही विचारा. ही नस्ती मात्र पळत गेली. हेडक्लार्कनी ती दुपारपर्यंत वाचून काढली आणि समासात लिहिलं, 'पाहिले. पुतण्यावर दाट संशय.' कायदा सल्लागारांनी खाली लिहिलं की पुतण्याविरुद्ध पुरावा अपुरा असून स्वयंपाकिणीचे म्हणणे पुन्हा तपासावे. टायपिस्टबाईंनी, कुणीही सांगितलेलं नसताना, सगळ्या भागांच्या तीन तीन प्रती काढल्या आणि त्या प्रती वरच्या मजल्यावर फिरू लागल्या. तीन आठवडे फुटक्या नळाची तक्रार घेऊन येणारे एक गृहस्थ बाकावर बसले होते. त्यांना वेळ घालवायला कुणीतरी भाग पाच दिला. संध्याकाळी कचेरी बंद झाली तेव्हा ते गृहस्थ नळाचं विसरून उद्या सहावा मिळेल ना, असं विचारून गेले.

अशा कथेचं एक असतं. तिला कुणी चांगली म्हणत नाही आणि कुणी खाली ठेवत नाही. समोर मोठमोठे ग्रंथ ठेवा, माणूस आदराने दोन पानं उलटेल आणि चष्मा पुसायला लागेल. पण 'तिने दार उघडले आणि' एवढ्यावर पान संपवा, की साहेबापासून शिपायापर्यंत सगळे एका रांगेत येऊन उभे राहतात. दप्तरदारांना हे एकतीस वर्षांपूर्वीच कळलं होतं. ते मान्य करायचं नाही एवढंच त्यांनी ठरवलं होतं.

तिसऱ्या दिवशी साहेबांनी त्यांना बोलावलं. साहेबांपुढे नस्ती उघडी होती आणि समासात साहेबांची हिरवी शाई दिसत होती: 'पियानो शिकवणाऱ्या बाईबद्दल कुणीच का लिहिलेले नाही? चर्चा करावी. भाग बारा तात्काळ.' साहेब नियमाने बोलले. ते म्हणाले की मजकूर काय आहे हा प्रश्नच नाही, आवक क्रमांक आहे, शिक्का कायम जतनचा आहे, अनुक्रमणिकेत प्राप्त असं लिहिलंय. उद्या निरोप समारंभापर्यंत भाग बारा आला तर ठीक, नाहीतर सेवापुस्तकात 'एक अभिलेख गहाळ' असा शेरा मारावा लागेल, आपला इलाज नाही. मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, की तुम्हाला स्वतःला काय वाटतं, पियानोवाली असेल का? दप्तरदार म्हणाले की आपण असलं वाचत नाही. हे ते इतक्या वर्षांच्या सवयीने बोलून गेले.

मग सुरू झाली शोधाशोध. शेजारी एक निवृत्त पोस्टमास्तर राहत. त्यांना सगळ्या गोष्टींचा पत्ता ठाऊक असे आणि न विचारता सांगण्याची सवय होती. त्यांनी आधी रद्दीवाल्यांकडे धाडलं. पहिला रद्दीवाला हसला. दुसरा म्हणाला की 'रातकिडा' आता वजनावर मिळत नाही, शौकीन लोक एकेक अंक हातात घेऊन वास घेतात आणि छातीशी धरून नेतात. तिसऱ्याने चार अंक दाखवले, त्यात बारावा नव्हता. पण मुखपृष्ठावरची बाई तशीच किंचाळत होती आणि तिला पाहून दप्तरदारांनी डोळे पुसले. धूळ असेल, असं त्यांनी रद्दीवाल्याला सांगितलं.

तिथून ते सार्वजनिक ग्रंथालयात गेले. ग्रंथपालांनी नाव ऐकताच भुवया उंचावल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की ही संस्था असलं साहित्य ठेवत नाही. दप्तरदार मान खाली घालून वळले. तोच ग्रंथपाल मागून आले, त्यांना कोशांच्या कपाटाआड ओढून नेलं आणि कुजबुजले की आपल्या खासगी खणात एक ते नऊ आहेत, पण दहाव्यात काय झालं हो? दप्तरदारांनी तिथेच उभ्याने, विश्वकोशाला टेकून, दहावा आणि अकरावा भाग सांगितला. तळघरातलं दार, स्वयंपाकिणीची हरवलेली चप्पल, सगळं त्यांना तोंडपाठ होतं. ग्रंथपालांनी त्यांचा हात धरून ठेवला होता. सांगून झाल्यावर ते म्हणाले, आणि मग? दप्तरदारांना रडू यायचं बाकी राहिलं.

पोस्टमास्तरांचा पुढचा सल्ला असा, की मिळत नसेल तर लिहून टाका, त्यात काय आहे. दप्तरदारांना तो सल्ला म्हणजे खोटा कागद करायचं आमंत्रण वाटलं आणि त्यांनी तसं बोलूनही दाखवलं. पण संध्याकाळी जेवणाआधी ते कोरा कागद घेऊन बसलेच. तासाभराने कागदावर दोन ओळी होत्या: 'उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, सदर खून खालील इसमाने केल्याचे निदर्शनास आले आहे.' खाली इसमाचं नाव लिहायची वेळ आली आणि पेन थांबलं. चौतीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांचे कागद सांभाळले होते, स्वतःच्या मनाने एक वाक्य लिहिलेलं नव्हतं. त्यांनी कागदाची घडी केली आणि खिशात ठेवली.

काकू, म्हणजे त्यांची बायको, समोर बसून भाजी निवडत होत्या. तीन दिवस त्या पाहत होत्या की यजमान पलंगाखाली वाकतात, कपाटामागे हात घालतात, आणि विचारलं की 'काही नाही' म्हणतात. भाजीवरून नजर न काढता त्या थांबल्या होत्या. दप्तरदारांच्या मनात आलं, विचारून टाकावं. जास्तीत जास्त काय होईल? बायको हसेल.

"अगं," ते म्हणाले.

"काय?"

दप्तरदारांनी घसा साफ केला. खिडकीकडे पाहिलं, मग भाजीकडे.

"काही नाही. चहा करतेस का थोडा?"

काकूंनी त्यांच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि चहा करायला उठल्या. पातेलं त्यांनी जरा जोरातच ठेवलं.

दुसऱ्या दिवशी निरोप समारंभ चार वाजता होता. वरच्या मजल्यावरची टेबलं भिंतीला लावून खुर्च्या मांडल्या होत्या. एवढी गर्दी कुणाच्याच निरोपाला झालेली नव्हती. ग्रंथपाल रजा टाकून आले होते. नळवाले गृहस्थ पहिल्या रांगेत होते. पोस्टमास्तर तर होतेच, आणि त्यांनीच काकूंना सगळं रामायण आदल्या दिवशी ऐकवलं होतं, हे दप्तरदारांना ठाऊक नव्हतं. काकू त्यांच्या शेजारच्या खुर्चीत फुलांचा गुच्छ मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

हेडक्लार्क बोलले, टायपिस्टबाई बोलल्या. दप्तरदारांना काही ऐकू येत नव्हतं. त्यांची नजर टेबलावर होती, जिथे त्यांचं सेवापुस्तक शेवटच्या पानावर उघडं होतं आणि शेजारी लाल शाईचं पेन होतं. हिरवी शाई साहेब रोज वापरत, लाल फक्त शेऱ्यासाठी. साहेब उठले. दप्तरदारांसारखा माणूस पुन्हा होणे नाही वगैरे म्हणाले, मग थांबले, आणि अवघडून म्हणाले की नियमापुढे आपला नाइलाज आहे. त्यांनी लाल पेनाचं टोपण काढलं. दप्तरदारांनी डोळे मिटले. चौतीस वर्षं आणि शेवटी एक ओळ, असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांना खरोखर वाईट वाटलं.

शेजारची खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"थांबा साहेब," काकू म्हणाल्या. "तो बारावा भाग मी वाचलाय."

नव्या बाई उठून उभ्या राहिल्या. साहेबांनी टोपण परत बसवलं. ही बाई आपल्या घरी कधीपासून राहते, अशा नजरेने दप्तरदार बायकोकडे पाहू लागले.

पुढचं सगळं भराभर झालं. कायदा सल्लागारांनी सांगितलं की मूळ कागद उपलब्ध नसेल तर तो प्रत्यक्ष वाचलेल्या व्यक्तीचा जबाब घेऊन नस्तीला लावता येतो, आणि तसं केल्यास अभिलेख गहाळ झाला असं म्हणता येत नाही. साहेबांना हा मुद्दा इतका पटला की त्यांनी तो ऐकून संपायच्या आत मान्य केला. जबाब लिहून कोण घेणार? साडेपाचपर्यंत अभिलेख कक्षाचा माणूस अजून दप्तरदारच होता. तेव्हा त्यांनाच कागद देण्यात आला, पेन देण्यात आलं, आणि आपल्याच निरोप समारंभात ते आपल्याच बायकोसमोर कारकून म्हणून बसले.

काकूंनी गुच्छ खाली ठेवला. सुरुवात त्यांनी अगदी साधी केली, शेजारणीला दुपारची हकिगत सांगावी तशी. तळघराचं दार उघडलं तेव्हा आत कुणी नव्हतं, म्हणाल्या, फक्त स्वयंपाकिणीची चप्पल होती. इथे ग्रंथपालांच्या तोंडून हुंकार निघाला. मग त्यांनी पुतण्याला खोलीत आणून बसवलं आणि सोडून दिलं, तेव्हा हेडक्लार्कचा चेहरा पडला. पियानोवालीचं काय ते एका वाक्यात निकालात काढलं आणि साहेब खुर्चीत मागे रेलले. कुठे थांबायचं हे त्यांना असं काही ठाऊक होतं की कपातले चहा गार होऊन गेले. दप्तरदारांचं पेन धावत होतं. चौतीस वर्षांत त्यांनी इतकं भरभर कधी लिहिलं नव्हतं, आणि दर ओळीला त्यांना वाटत होतं की हिने जरा थांबावं आणि त्याच वेळी वाटत होतं की थांबू नये.

मग लंगडा गुप्तहेर दिवाणखान्यात सगळ्यांना एकत्र बसवतो. काकू म्हणाल्या की त्याने सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि कपाळावर हात मारला. अकरा भाग त्याने सगळ्यांना प्रश्न विचारले होते. डॉक्टरला विचारले, माळ्याला विचारले, दाराशी येणाऱ्या पाववाल्यालासुद्धा विचारले. एकाच माणसाला त्याने एकही प्रश्न विचारला नव्हता.

"कोपऱ्यात लोकर विणत बसलेल्या शेठाणीला," काकू म्हणाल्या. "अकरा भाग ती तिथेच बसली होती. सगळं तिला माहीत होतं. पण तिला कुणी विचारलंच नाही."

कुणीतरी दबक्या आवाजात विचारलं की कारण काय, खुनाचं कारण? काकूंनी आता गर्दीकडे न पाहता लिहिणाऱ्याकडे पाहिलं.

"कारण काही मोठं नव्हतं. शेठ रोज जेवताना समोर कागद धरून वाचत बसायचे. एकोणीस वर्षं त्यांनी ताटावरून मान वर केली नव्हती. म्हणून तिने ताटात काय वाढलं तेही त्यांना दिसलं नाही."

दप्तरदारांनी ते लिहिलं. त्यांच्या अक्षराचं वळण त्या ओळीला जरा बिघडलं, हे नस्तीत आजही पाहायला मिळतं.

मग नव्या बाईंनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि टायपिस्टबाईंनी त्या उचलून धरल्या. पुरुषमंडळींच्या टाळ्या थोड्या उशिरा आल्या. ज्यांच्या बायका सोबत आल्या होत्या त्यांनी आधी शेजारी पाहून घेतलं. साहेबांनी जबाबावर सही केली, नव्या बाईंनी क्रमांक टाकला आणि कार्यभार मिळाल्याच्या यादीवर सही ठोकली. जबाबावर 'कायम जतन'चा शिक्का पडला. सेवापुस्तकातला रकाना कोरा राहिला. नळवाले गृहस्थ समाधानाने घरी गेले आणि मग आठवलं म्हणून जिन्यावरून परत आले.

घरी आल्यावर दार उघडून, गुच्छ बादलीत ठेवून, काकू स्वयंपाकघराकडे वळल्या तेव्हा दप्तरदार मध्येच उभे राहिले. आता खिडकीकडे पाहायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं.

"तू 'पिवळा बंगला' वाचत होतीस?"

काकू म्हणाल्या, पहिल्या भागापासून. शेजारी तेव्हा राहायच्या त्या बाईंकडे अंक यायचा, दुपारी त्या दोघी मिळून वाचत. म्हणजे एक वर्षभर नवरा कचेरीत आणि बायको शेजारी तीच कथा वाचत होती, तोच पुतण्या तिलाही संशयित वाटत होता, आणि रात्री दोघं समोरासमोर बसून दुधीचे भाव बोलत होती. दप्तरदारांना हे ऐकून स्वतःची इतकी कीव आली की ते स्टुलावर बसले. मग त्यांनी हळूच विचारलं, शेवटी खरंच शेठाणीच होती का?

"छे," काकू म्हणाल्या. "मासिकात डॉक्टर होता. इन्शुरन्सच्या पैशासाठी. मला तो शेवट तेव्हाही पटला नव्हता."

दप्तरदार उठून उभे राहिले. एकतीस वर्षांनी खुनी कळला होता आणि त्याच वाक्यात दुसरंही कळलं होतं. चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या हातून एक खोटा कागद गेला होता, तो स्वतःच्या अक्षरात, साहेबांच्या सहीने, कायम जतनच्या शिक्क्यासकट. क्रमांक पडला होता. आता त्याला हात लावणारे ते कोण?

"खोटं लिहून घेतलंस माझ्याकडून," ते म्हणाले. आवाज चढवायचा होता, पण चढेना.

काकू आतल्या खोलीत गेल्या आणि दप्तरदारांच्या कपाटाचा खालचा खण ओढला. कचेरीत घालायचे शर्ट उचलून पलंगावर ठेवले, खणात पसरलेला वर्तमानपत्राचा कागद काढला, त्याच्या खालचाही काढला. तळाशी पिवळी पडलेली किंचाळणारी बाई होती. एकतीस वर्षं दप्तरदारांनी रोज सकाळी तिच्यावरूनच शर्ट उचलला होता.

त्या रविवारी आपण नदीवर फिरायला जाणार होतो, काकू म्हणाल्या. मी साडी बदलून बसले होते. तुम्ही डोकं दुखतंय म्हणालात आणि आत जाऊन झोपलात, उशीखालून कोपरा दिसत होता. अंक घेतला, वाचला आणि इथे घातला. वरचे कागद दर वर्षी बदलले, हा नाही बदलला. म्हटलं, ज्या दिवशी विचारतील त्या दिवशी काढून देईन.

"मी विचारलं नाही," दप्तरदार म्हणाले.

"काल चहा विचारलात."

दप्तरदारांनी अंक हातात घेतला. शेवटचं पान उघडायला एवढासा वेळ लागला असता. डॉक्टर कसा पकडला गेला, चप्पल तिथे कशी आली, सगळं तिथे होतं. त्यांनी किंचाळणाऱ्या बाईकडे पाहिलं, मग आपल्या बायकोकडे, आणि अंक होता तिथे ठेवून वर वर्तमानपत्र पसरलं. कचेरीत लागलाय तोच भाग आता खरा समजायचा, असं ते म्हणाले. शर्ट त्यांनी स्वतः घडी घालून ठेवले.

त्या संध्याकाळी काकूंनी ताट वाढलं. दप्तरदारांच्या पाटाशेजारी सवयीने वर्तमानपत्र ठेवलेलं होतं. ते त्यांनी उचलून लांब सरकवलं आणि बायकोकडे पाहत जेवू लागले. प्रेमाने पाहत होते हे तर खरंच. पण भाजीचा पहिला घास त्यांनी काकूंनी स्वतः खाल्ल्यानंतरच घेतला.